मागीलदारचा टीएल

क्लायंटला तोंड देणं एक वेळ सोपं. पण रोज सकाळी पायावर झेप घेणाऱ्या कोंबड्याला कसं तोंड द्यायचं, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात?

सकाळचे सात पन्नास. फणसाखाली प्लॅस्टिकची खुर्ची, मांडीवर लॅपटॉप, कानात हेडफोन. सिडनीचा क्लायंट लाइनवर. त्याने आकड्यांबद्दल काहीतरी विचारलं, मी घसा खाकरून ‘शुअर’ म्हणणार, एवढ्यात पोटरीत खचकन काहीतरी घुसलं. मी जे ओरडले ते इंग्रजीत नव्हतं. आणि म्यूटवर तर अजिबातच नव्हतं.

मागे वळून बघते तर साहेब तिथेच उभे. तांबडं-काळं अंग, शेंदरी तुरा, मानेवरची पिसं छत्रीसारखी फुललेली. एक पंख जमिनीला घासत माझ्याभोवती अर्धं वर्तुळ मारून झालं आणि मग मान वर करून त्यांनी असं काही बांग दिली, की अख्खं कॉन्फरन्स रूम ऐकतच राहिलं. दोन सेकंद शांतता. मग सिडनीहून प्रश्न आला, “इज दॅट अ रूस्टर?”

त्या दिवशी मी त्याचं नाव ठेवलं, ‘टीएल’. टीम लीड. कधीही मागून येतो, कारण नसताना अंगावर येतो आणि वर आपणच ओरडतो!

स्थळ सांगायचं राहिलंच. कुडाळजवळचं आमचं गाव, जिल्हा सिंधुदुर्ग. आमच्याकडे घराच्या पुढच्या अंगणाला खळं म्हणतात आणि मागच्या परसाला मागीलदार. मागीलदारी विहीर, न्हाणीघर, लाकडांची रास, कोंबड्यांचं खुराडं आणि तो फणस. अख्ख्या घरात मोबाइलला धड रेंज येते ती फक्त त्या फणसाखाली. म्हणजे अंघोळीला जायचं तरी मागीलदार, पाणी काढायचं तरी मागीलदार आणि सिडनीशी बोलायचं तरी मागीलदार. आणि मागीलदार कुणाचं? टीएलचं.

आता तुम्ही म्हणाल, बाणेरच्या फ्लॅटमध्ये राहणारी, स्विगीवर जगणारी मुलगी तिथे करत काय होती? सुट्टीवर नव्हते हो. गेल्या जानेवारीत शेजारच्या काकींचा फोन आला. “गो, आवशीक बगून जा. पाय सुजलो हा.”

गंमत म्हणजे आईशी माझं रोज बोलणं व्हायचं. जेवलीस का, गोळी घेतलीस का, सगळं. पायाबद्दल अक्षर नाही. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “खिळो लागलो.” मी दोन आठवड्यांचं वर्क फ्रॉम होम मागून घेतलं आणि रात्रीची गाडी पकडली.

आईला पंधरा वर्षांपासून डायबेटिस आहे. ज्यांच्या घरी शुगरचा पेशंट आहे, त्यांना पायाची जखम म्हणजे काय टेन्शन असतं ते वेगळं सांगायला नको. तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होते, माझ्याच वयाचे. पट्टी सोडून त्यांनी बघितलं. घोट्याच्या वर दोन खोल भोकं, आजूबाजूला लालभडक सूज.

“आजी, हा खिळा कसला? दोन-दोन?”

आई छताकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, “कोंबो.”

ड्रेसिंग झालं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, अँटिबायोटिक्स झाली. बाहेर पडताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “जखम भरेल. पण ह्या पायाला पुन्हा लागता कामा नये.” रिक्षात बसेपर्यंत माझा निर्णय झाला होता. टीएलचा रस्सा आणि वडे. त्याच रात्री.

“तेका कापूचो नाय,” आई म्हणाली.

“का?”

“मी वाढवलंय तेका.”

मग कहाणी कळली. आदल्या उन्हाळ्यात मुंगसाने एक कोंबडी मारली. मागे एकच पिल्लू राहिलं. आईने ते चपलांच्या खोक्यात, चुलीच्या उबेला ठेवून वाढवलं. हातातून कणी भरवली. ते तिच्या खांद्यावर बसून टीव्हीवरच्या मालिका बघायचं म्हणे! सहा महिन्यांत तुरा फुटला, बांग फुटली आणि एके सकाळी हेच लाडकं बाळ आईच्या पायावर धावून गेलं.

शेजारचे काका म्हणाले, राखणीला देऊन टाका. आमच्याकडे गावाच्या, शेताच्या राखणदाराला वर्षातून एकदा कोंबडा देतात, त्याला राखण म्हणतात. सगळ्यांची सोय होते, देवाचीही. आईने तेही उडवून लावलं. “आपल्याक नको झालो म्हणान देवाक देवचो? देव काय उकिरडो असा?” ह्यावर काकाही गप्प.

मग एक बाइकवाला आला. त्याला कुणीतरी सांगितलं असणार. टीएलला वरून-खालून निरखून त्याने बाजारापेक्षा तिप्पट किंमत सांगितली. आईने कशासाठी हवा असं विचारताच गडी हसला. झुंजीसाठी. प्राण्यांच्या झुंजी लावणं १९६०च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, हे मी त्याला फोनवर शोधून वाचून दाखवेपर्यंत आईने त्याला खळ्याबाहेर काढलाही होता. लंगडत.

म्हणजे विकायचा नाही, कापायचा नाही, द्यायचा नाही. ठेवायचा. आणि आईचा पायही वाचवायचा. डोक्याला शॉट!

मी आपल्या पद्धतीने सुरुवात केली. पहिल्या दिवशी खराटा. दुसऱ्या दिवशी पाण्याची बादली. तिसऱ्या दिवशी, सांगायला लाज वाटते, लाथ. प्रत्येक वेळी तो दोन पावलं मागे सरकायचा आणि दुप्पट जोराने परत यायचा. चौथ्या दिवशी मी न्हाणीघरातून बाहेरच पडू शकले नाही. टॉवेल गुंडाळून आत उभी, बाहेर दारासमोर टीएल येरझारा घालतोय आणि पडवीत पाय वर करून बसलेली आई खो खो हसतेय. महिन्याभरात ती पहिल्यांदा हसत होती, म्हणून मीही रागावले नाही.

पाचव्या दिवशी शेवटी सुचलं, की ह्या विषयातल्या माणसाला विचारावं. टीएलला रात्री उचलला. कोंबड्यांना अंधारात फारसं दिसत नाही. दिवसा वाघ असलेला कोंबडा रात्री दांडीवरून उचलला तर उशीसारखा हातात येतो. डालग्याखाली ठेवला आणि सकाळी ते डालगं स्कूटरच्या मागे बांधून गुरांच्या दवाखान्यात. रांगेत दोन बकऱ्या, एक वासरू आणि आम्ही.

डॉक्टरांनी आधी माझी पोटरी बघितली, मग कोंबडा. “हातावर वाढवलाय का?” त्यांनी लगेच विचारलं. मी चाट पडले.

त्यांनी जे समजावलं त्याने माझा फंडा एकदम क्लिअर झाला. कोंबडीच्या मागे वाढलेलं पिल्लू माणसाला थोडं भिऊन असतं. खोक्यात, माणसाच्या हातावर वाढलेल्याला ती भीतीच नसते. वयात आला की तो माणसाला माणूस समजत नाही, दुसरा कोंबडा समजतो. आणि दुसरा कोंबडा दिसला की त्याचं काम एकच, तू मोठा की मी ते ठरवणं. मी खराटा घेऊन धावले, लाथ मारली, तेव्हा त्याच्या भाषेत मी आव्हान स्वीकारलं होतं. आणि न्हाणीघरात लपले तेव्हा हरले होते. दोन्हीकडून माझीच चूक!

त्यांनी कानशीने टीएलच्या पायामागच्या काट्याचं टोक घासून बोथट केलं. टोकच फक्त, कारण काट्याच्या आत जिवंत हाड असतं, जास्त कापलं तर रक्त येतं. वर स्पष्ट सांगितलं, “काही कोंबडे सुधारतच नाहीत. महिन्यात फरक पडला नाही तर ठेवू नका. आणि घरात लहान मूल असतं तर मी एक दिवसही ठेवू दिला नसता. पोराच्या तोंडाशी त्याची झेप पोचते, डोळा जाऊ शकतो.” तुमच्याकडे चिल्लीपिल्ली असतील तर माझा पुढचा पराक्रम विसरा आणि डॉक्टरांचं हे वाक्य लक्षात ठेवा.

त्या रात्री मी फणसाखाली बसून वाचत सुटले. ‘पेकिंग ऑर्डर’ हा शब्द आपण ऑफिसात किती सहज वापरतो! तो मुळात कोंबड्यांवरूनच आलाय. थोर्लेफ शेल्डरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या माणसाने कोंबड्यांच्या कळपात कोण कुणाला टोचतं, ह्याच्या नोंदी केल्या आणि १९२२ साली ते छापलं. वरची कोंबडी खालच्या सगळ्यांना टोचते, सगळ्यात खालची कुणालाच नाही. एकदा क्रम लागला की उलट मारामाऱ्या कमी होतात. भांडण होतं ते क्रम ठरेपर्यंतच. जपानी संशोधकांनी २०१५ साली तर दाखवून दिलं, की पहाटे बांगसुद्धा आधी वरचा कोंबडा देतो, खालचे आपापल्या नंबराची वाट बघतात. आमच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये अगदी हेच चालतं!

आणि टीएलचे ते पिवळे पाय? जगभरातल्या गावठी कोंबड्या मुख्यतः तांबड्या रानकोंबड्याच्या वंशातल्या. पण पिवळ्या कातडीचं जीन आलं ते आपल्याकडच्या राखी रानकोंबड्याकडून, असं २००८ साली कळलं. हाच आपला सह्याद्रीतला. म्हणजे साहेब तसे इथलेच, भूमिपुत्र. मीच पुण्याची पाहुणी.

उपाय सुरू करेपर्यंत मात्र त्याला मोठ्या खुराड्यात बंद ठेवला. आई नाराज होती. मी म्हटलं, कोंबडा नसला तर अडतंय काय? (कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी घालते, हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. फक्त त्या अंड्यातून पिल्लू निघत नाही.) तिसऱ्या दुपारी उत्तर मिळालं. मी कॉलवर होते. वरून एक सावली सरकली, काहीतरी फडफडलं आणि पिल्लं मोजली तर आठाची सात. घार. आत टीएल जाळीवर धडका मारत होता आणि एक लांब, बारीक आवाज काढत होता. तो आवाज मी पूर्वी ऐकला होता, पण कधी नीट लक्ष दिलं नव्हतं. आकाशातून धोका आला तर कोंबडा वेगळा आवाज काढतो, जमिनीवरून आला तर वेगळा. त्याच्या आवाजावर कोंबड्या आणि पिल्लं झुडपात शिरतात. पण तो आत होता आणि त्या बाहेर विखुरलेल्या. आई काही बोलली नाही. नुसती बघत राहिली माझ्याकडे. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून ऑपरेशन टीएल. माळ्यावर बाबांचे भाताच्या लावणीतले गमबूट होते. बाबा जाऊन चार वर्षं झाली, बूट कुणी हलवले नव्हते. ते चढवले. हातात सूप घेतलं, मारायला नाही, पायासमोर ढाल म्हणून. आणि मागीलदारी जाऊन उभी राहिले.

नियम सोपे. पळायचं नाही. मागे सरकायचं नाही. मारायचं नाही. तो धावून आला की सूप मध्ये धरायचं, त्याने आपटून घ्यायचं, आपण हलायचं नाही. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, पण पाठही दाखवायची नाही. तो वळून निघाला की मग आपण आपलं काम करायचं, अगदी निवांत. संध्याकाळी कणी टाकायची ती आपण. आणि रात्री दांडीवरून उचलून दहा-पंधरा मिनिटं काखेत धरून फिरायचं.

सांगायला सोपं! दोन-सव्वादोन किलोचा जीव सुपावर आदळतो ना, तेव्हा मनगट झिणझिणतं. पहिल्या दिवशी अकरा वेळा आला. दुसऱ्या दिवशी नऊ. मी भिंतीवर कोळशाने रेघा ओढत होते. पाचव्या दिवशी तीन. सहाव्या दिवशी तो फुलून, पंख घासत आला, सुपाच्या समोर थांबला आणि एकदम खाली मान घालून जमिनीवर काहीतरी टिपायला लागला. तिथे दाणा नव्हताच! आपण रागाने मीटिंगमधून उठतो आणि मग उगाच मोबाइल चेक करतो, तसं. मला इतकं हसू आलं, की सूपच गळून पडलं.

जिंकले मी. ग्रुपवर फोटो टाकला, दीडशे लाइक्स. पडवीत जाऊन आईला म्हटलं, “बघ, झालं की नाही? आता तू मागीलदारी पाऊलसुद्धा टाकायचं नाहीस. पाणी मी काढीन, कोंबड्या मी सोडीन. मी गेल्यावर बाई ठेवू. नाहीतर सरळ पुण्यालाच चल. कितीदा सांगितलं!”

आई शेंगा सोलत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, “कोंब्यान माका मागीलदारातसून भायर काढूक नाय. तू काढलंस.”

मी काहीतरी बोलणार होते. पण खरंच होतं ते. टीएलने तिला दोनदा टोचलं होतं, तरी ती रोज पहाटे लंगडत जाऊन खुराडं उघडत होती. मी आल्यापासून ती पडवीतल्या त्या एका खुर्चीवर होती. औषध मी देत होते, चहा मी देत होते, आणि विहिरीकडे निघाली की “आई, बस” असंही मीच ओरडत होते. चाळीस वर्षं जिने ती जागा झाडली, तिला मी सांगत होते की तिथे जायचं नाही. आणि पुढची पायरी माझ्याकडे तयारच होती, बाणेर, तिसरा मजला, बाल्कनी चार बाय आठ. पाय दुखावला म्हणून नाही, माझं टेन्शन जावं म्हणून. कोंबडा निदान समोरून यायचा. मी काळजीच्या मागून येत होते.

“तुझ्या पायाला पुन्हा लागलं तर?” मी विचारलं.

“मगे बूट घालतंय मी,” आई म्हणाली. “तुझ्या बापाशीचे.”

जखम भरत आली होती. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पायात जाड मोजे, वर बूट, रोज रात्री पाय तपासायचा, आणि एकटीने नाही, आधी कुणीतरी सोबत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आई मागीलदारी उतरली. नऊवारी नव्हे हो, साधी गोल साडी, पण वर खोचलेली, खाली बाबांचे दोन नंबर मोठे गमबूट आणि हातात सूप. मी खराटा घेऊन तीन हात मागे. मनात म्हटलं, काय झालं तर मी धावणार.

टीएल आला. माझ्यावर यायचा त्याहून जोरात आला. सूप धाडकन वाजलं. आई हलली नाही. दुसऱ्यांदा आला. आई हलली नाही, नुसती म्हणाली, “रे, मी तुका कणी भरवलंय. माका वळखूक नाय?” तिसऱ्यांदा आला तो अर्ध्यावरच थांबला. तिने सूप तिरकं केलं, त्यात मूठभर कणी होती, ती खाली ओतली. तो टुक टुक करत कोंबड्यांना बोलवायला लागला. चांगला कोंबडा आधी कोंबड्यांना खाऊ देतो, मग स्वतः टिपतो. आई त्याच्या शेजारून चालत विहिरीपाशी गेली आणि कळशी भरली. अर्धीच. मी पुढे झाले नाही. फार जड गेलं, पण नाही झाले.

हे सगळं गोड गोड संपलं असं समजू नका. टीएल साधू झालेला नाही. माझी सुट्टी संपल्यावर फेब्रुवारीत त्याने पोस्टमनला पिटाळलं. कुणी पोरंबाळं येणार असली की आई त्याला आधीच बंद करते. मागच्या दाराशी बूट आणि सूप कायम ठेवलेलं असतं. आणि आम्हा दोघींचं ठरलंय, पुन्हा एकदा रक्त निघालं तर टीएलचा निरोप समारंभ. ही अट आईनेच घातली, मी नाही. तिला तो लाडका आहे, पण पायही तिचाच आहे.

मी आता बाणेरला. सात पन्नासच्या कॉलआधी रोज घरी फोन लावते. पूर्वी पहिला प्रश्न असायचा, गोळी घेतलीस का. आता विचारते, टीएल काय म्हणतोय. मग आई सांगते, कुठली कोंबडी खुडूक बसली, किती अंडी गेली, कोण कुणाला टोचतंय. मध्येच पायाचं सांगते, आपणहून. हल्ली खिळा लागत नाही तिला.

परवा सिडनीवाल्याने विचारलं, तो रूस्टर कसा आहे? मी म्हटलं, मजेत. त्याच संध्याकाळी आईला तो किस्सा सांगायला फोन लावला, तर मागे टीएलचा आवाज येत होता आणि बुटांची फदक फदक.

“आई, ऐक ना, काय झालं...”

“मगे कर,” आई म्हणाली. “आता माका टाइम नाय.”